पेडलचा पॉवर सप्लाय : घरी काय बनवावे, काय विकत घ्यावे

आपल्या विजेला स्वतःचा एक सूर आहे. भारतातली घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची. डायोडच्या ब्रिजमधून ती सरळ केली की मागे जी लहर उरते ती दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्‌झची असते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवले की ९८ हर्ट्‌झचा जी वाजतो. हार्मोनियमवाल्यांची ती पांढरी पाच. विजेचा सूर तिच्या जरा वर आणि काळी चारच्या खाली पडतो, म्हणजे कोणत्याच पट्टीत बसत नाही. पेडलला वीज पुरवणारा डबा कच्चा असेल तर हा बेसूर तंबोरा प्रत्येक गाण्याखाली वाजत राहतो, आणि डिस्टॉर्शनवर पाय पडला की गिटारच्या बरोबरीने गर्जू लागतो.

म्हणून पेडलचा पॉवर सप्लाय ही वाद्याच्या बाहेरची गोष्ट मानू नये. गिटारचा स्वर पेडलमधून जाताना जे रूप घेतो, ते त्या डब्यातून आलेल्या विजेतूनच घडते. बाजारातला चांगला आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक आउटलेट विजेच्या दृष्टीने वेगळे असलेला, सप्लाय एखाद्या चांगल्या पेडलइतका किंवा त्याहून महाग पडतो. त्यामुळे तो घरी बनवावा असे अनेकांना वाटते, आणि ते वाटणे रास्त आहे. प्रश्न एवढाच, की त्यातले कोणते काम हौशी हातांनी करावे आणि कोणते करू नये. उपलब्ध मार्गांचा हा आढावा त्याच प्रश्नासाठी आहे.

नऊ व्होल्ट कुठून आले

१९६२ साली आलेले माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल १.५ व्होल्टच्या दोन सेलवर चाले. १९६६ च्या फझ फेसमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आली. ती लहान होती, सहज मिळे आणि ट्रान्झिस्टरच्या साध्या सर्किटला पुरेशी होती. पुढे बॉस कंपनीने १९७७ मध्ये आपली पहिली छोटी पेडल्स काढली. त्या घराण्याच्या प्रसाराबरोबर ९ व्होल्ट डीसी आणि ५.५ बाय २.१ मिलिमीटरची, मधली पिन ऋण असलेली जोडणी जवळपास सर्वमान्य झाली.

बाकी बहुतेक उपकरणांत मधली पिन धन असते, मग पेडलमध्ये उलटे का? याचे कारण बॅटरीतच आहे. पेडलच्या डीसी जॅकमधला आपोआप तुटणारा संपर्क बाहेरच्या कड्याशी जोडलेला असतो. अडॅप्टर लावताच बॅटरीची धन बाजू सुटावी, तर बाहेरचे कडे धन ठेवणे भाग होते. बॅटरीची ऋण बाजू आधीच इनपुट जॅकमधून जोडली-तोडली जात असे. म्हणूनच पेडलमधून गिटारची केबल काढली की बॅटरी वाचते.

घरी डबा बनवणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवे. मधली पिन धन असलेला राउटरचा अडॅप्टर तसाच लावला, तर संरक्षक डायोड नसलेले पेडल क्षणात जाते. अपवादही आहेत. डिजिटेकच्या जुन्या व्हॅमीला ९ व्होल्ट एसी लागते, काही पेडल्सना १२ किंवा १८ व्होल्ट डीसी लागते. पेडलच्या पाठीवरचे लेबल वाचल्याशिवाय काहीही जोडू नये.

आधी बेरीज

डबा बनवण्याआधी कागदावर बेरीज मांडावी. साधे ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन १० मिलिअँपिअरच्या आतच भागवते. डिजिटल डिले साधारण ५० ते ७५ घेतो. मोठा डिजिटल रिव्हर्ब किंवा मल्टिइफेक्ट ३०० मिलिअँपिअरपर्यंत जातो. तीन ओव्हरड्राइव्ह मिळून जेवढी वीज खातात, तिच्या दहापट वीज एकटा रिव्हर्ब खातो. सगळ्या आउटलेटची क्षमता सारखी ठेवण्याऐवजी या फरकाप्रमाणे डब्याची रचना करावी.

एक गैरसमज इथेच दूर करू. सप्लायवर ५०० मिलिअँपिअर लिहिले असेल तर तेवढा प्रवाह पेडलमध्ये ढकलला जात नाही. पेडल स्वतःला हवा तेवढाच घेते. जास्त क्षमता निर्धोक असते, जास्त व्होल्टेज मात्र घातक ठरते. आयसीएल ७६६० ही चिप अनेक पेडल्समध्ये व्होल्टेज वाढवायला किंवा उलटवायला वापरतात आणि तिची कमाल मर्यादा १०.५ व्होल्ट आहे. अशा पेडलला १२ व्होल्ट दिले की ती चिप गेलीच म्हणून समजा.

बॅटरी : सर्वांत शांत, सर्वांत खर्चिक

आवाजाच्या शुद्धतेत बॅटरीला तोड नाही. तिच्यात १०० हर्ट्‌झची लहर नसते आणि दुसऱ्या पेडलशी तिचे नातेही नसते. जुन्या जर्मेनियम फझला तर कार्बन-झिंक बॅटरीच शोभते. तिचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे जोरात वाजवताना व्होल्टेज किंचित दबते आणि स्वर मऊ होतो. हाच परिणाम मिळावा म्हणून व्हूडू लॅबने आपल्या पेडल पॉवर २ प्लसच्या दोन आउटलेटना व्होल्टेज उतरवण्याची खुंटी दिली.

पण हिशेब पाहा. अल्कलाइन बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास साठा असतो. ५ मिलिअँपिअरच्या पेडलला तो १०० तास पुरेल, डिजिटल डिलेला सात-आठ तास, आणि मोठ्या रिव्हर्बला दोन तासही नाही. बॅटरीचा खरा उपयोग निदानाला होतो. घूं आवाज येत असेल तर संशयित पेडल बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज थांबला तर दोष सप्लायचा. गिटार हातात धरून फिरल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर तो सिंगल कॉइल पिकअपने हवेतून पकडलेला आहे, आणि कितीही चांगला डबा बनवला तरी तो जाणार नाही.

एक अडॅप्टर, पाच शेपट्या

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक अडॅप्टर आणि पाच-सहा पिनांची साखळी. ट्रूटोनचा १७०० मिलिअँपिअरचा १ स्पॉट याच पद्धतीने जगभर चालतो. सगळी पेडल्स ॲनालॉग असतील तर ही साखळी बहुधा गुपचूप काम करते.

अडचण येते ती डिजिटल पेडल्स मिसळल्यावर. पेडल्सची ऋण बाजू पॅच केबलच्या जाळीतून आधीच एकमेकांना जोडलेली असते. वीज देणाऱ्या साखळीतून तीच बाजू पुन्हा जोडली गेली की ग्राउंडचे बंद वर्तुळ तयार होते. डिजिटल पेडलच्या प्रोसेसरचा प्रवाह सतत बदलत असतो. त्या बदलांचे बारीक व्होल्टेज या वर्तुळात उमटते आणि शेजारचे डिस्टॉर्शन ते शेकडो पट मोठे करते. साखळीतली शिट्टी बहुतेक वेळा इथून येते. वर सांगितलेली ७६६० चिप मुळात १० किलोहर्ट्‌झच्या आसपास चालते, म्हणजे ती थेट कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात आहे.

यावर एक स्वस्त उपाय घरी करता येतो. कमी प्रवाहाच्या प्रत्येक पेडलच्या धन तारेत ३३ ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ऋणाकडे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. ही जोडी १०० हर्ट्‌झची लहर साधारण दहापट कमी करते, वरच्या शिट्ट्या त्याहून जास्त. १० मिलिअँपिअरला व्होल्टेज फक्त ०.३३ ने उतरते. १०० मिलिअँपिअरच्या पेडलला मात्र तेच ३.३ व्होल्ट खाईल, म्हणून डिजिटल पेडलसाठी हा उपाय नाही.

साखळीत मुळीच न चालणारा पाहुणा म्हणजे धन-ग्राउंडचा पीएनपी फझ. त्याचे ग्राउंड बॅटरीच्या धन टोकाला असते. तो इतरांच्या साखळीत लावला की सप्लाय सरळ शॉर्ट होतो.

ट्रान्सफॉर्मरचा जुना रस्ता

घरगुती पॉवर सप्लाय म्हटले की अजूनही हेच चित्र समोर येते : ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, मोठा कपॅसिटर आणि ७८०९ रेग्युलेटर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, हे सगळे सामान एका दुकानात मिळते आणि झिरो पीसीबीवर एका संध्याकाळी बसते. या सर्किटची खुबी साधेपणात आहे, पण त्यातले आकडे समजून घेतले तरच ते शांत चालते.

९ व्होल्ट हवेत म्हणून ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेणे ही पहिली चूक. ७८०९ ला काम करायला बाहेरच्यापेक्षा आत किमान २ व्होल्ट जास्त, म्हणजे ११ लागतात. ९ व्होल्ट एसीचे शिखर १२.७ व्होल्ट. दोन डायोड त्यातले दीडेक व्होल्ट खातात आणि कपॅसिटरवरची लहर आणखी एक व्होल्ट खाली नेते. उरतात १०.२. रेग्युलेटरची पकड सुटते आणि ती लहर थेट बाहेर येते. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरने हेच गणित १४.५ च्या आसपास थांबते. उन्हाळ्यात संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज १९० पर्यंत उतरले तरी हा आकडा कसाबसा ११ च्या वर राहतो.

लहरीचे सूत्र सोपे आहे : प्रवाहाला १०० ने आणि कपॅसिटरच्या फॅरडमधल्या मूल्याने भागायचे. १०० मिलिअँपिअरला १००० मायक्रोफॅरड ठेवला तर लहर जास्तीत जास्त १ व्होल्ट. ७८०९ ती ढोबळमानाने हजार पट कमी करतो, म्हणजे उरतो १ मिलिव्होल्ट. त्याहून शांत हवे असेल तर एलएम३१७ घ्यावा. २४० ओहम आणि १.५ किलो-ओहमच्या जोडीने तो ९.१ व्होल्ट देतो, आणि ॲडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला की लहर साधारण दहा हजार पट दाबतो. १.५ किलो-ओहमच्या जागी ५६० ओहम आणि त्याला जोडून १ किलो-ओहमचे पोटेन्शिओमीटर लावले, तर ४ पासून ९.४ व्होल्टपर्यंत खाली-वर करता येते. दमलेल्या बॅटरीचा फझ हवा असणाऱ्यांनी एक आउटलेट असे जरूर करावे.

कपॅसिटर १६ व्होल्टचा घेऊ नये. भार नसताना ट्रान्सफॉर्मर जास्त व्होल्टेज देतो आणि लाइन २५० ला गेली तर शिखर २१ व्होल्टपर्यंत पोहोचते. ३५ व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसचा कपॅसिटर घ्यावा. रेग्युलेटरच्या पायांशी लागून आत ०.३३ आणि बाहेर ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर लावावेत, नाहीतर तो स्वतःच थरथरू लागतो.

उष्णतेचा हिशेबही करावा. १५ व्होल्ट आत आणि ९ बाहेर असताना १०० मिलिअँपिअरला ०.६ वॉट जळतात, तेवढे रेग्युलेटर उघडा सोसतो. ५०० मिलिअँपिअरला ३ वॉट होतात. हीटसिंक नसेल तर तो काही मिनिटांत स्वतःला बंद करून घेईल, तेही बहुधा कार्यक्रमाच्या मधोमध. ट्रान्सफॉर्मर वॉ पेडलपासूनही दूर ठेवावा, कारण वॉमधली कॉइल त्याचे चुंबकीय क्षेत्र पिकअपसारखी ओढून घेते.

आयसोलेशन : इथेच बहुतेक डबे फसतात

डब्यात सहा ७८०९ बसवले म्हणजे सहा आयसोलेटेड आउटलेट झाले, असे अनेकजण समजतात. तसे होत नाही. एकाच ब्रिजमागचे सहा रेग्युलेटर एकाच ऋण तारेवर उभे असतात, त्यामुळे ग्राउंडचे वर्तुळ तसेच राहते. दुसरी फसगत १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरची. त्याचे दोन भाग दिसायला वेगळे असले तरी मधला शून्य दोघांचा एकच असतो. त्यांतून दोन स्वतंत्र सप्लाय निघत नाहीत.

खऱ्या आयसोलेशनला प्रत्येक आउटलेटमागे स्वतंत्र वाइंडिंग, स्वतंत्र ब्रिज, स्वतंत्र कपॅसिटर आणि स्वतंत्र रेग्युलेटर लागतो. पेडल पॉवर २ प्लस एका टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरवरून आठ आयसोलेटेड आउटलेट देतो, तो याच रीतीने. घरी हे साधायचे तर मागणीनुसार वाइंडिंग करून देणाऱ्या कारागिराकडे जावे लागते किंवा अनेक छोटे ट्रान्सफॉर्मर एकत्र बसवावे लागतात. फळ मोठे मिळते. पीएनपी फझ बिनधास्त चालतो, दोन आउटलेट सिरीजमध्ये जोडून १८ व्होल्ट मिळतात, आणि शिट्टी गायब होते.

परीक्षा सोपी आहे. डब्याची वीज काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवावा आणि दोन आउटलेटच्या मधल्या पिनांना टोके लावावीत. बीप वाजली तर ते आयसोलेटेड नाहीत.

नवे मार्ग

गेल्या काही वर्षांत लोखंडी ट्रान्सफॉर्मरला पर्याय आले. त्यांतला घरगुती कामाला सर्वांत उपयोगी म्हणजे छोटे आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल. १२ व्होल्ट आत, ९ व्होल्ट बाहेर, आणि मध्ये इवलासा ट्रान्सफॉर्मर. १ वॉटचे मॉड्यूल १११ मिलिअँपिअर देते, म्हणजे एका डिलेला पुरेसे. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हे स्वस्त मॉड्यूल स्वतःचे व्होल्टेज नीट राखत नाहीत आणि त्यांना किमान दहा टक्के भार लागतो, म्हणून आउटपुटला ८२० ओहमचा रेझिस्टर कायम जोडावा. आणि त्यांची उच्च वारंवारतेची लहर थांबवायला छोटी कॉइल आणि कपॅसिटर द्यावेत.

दुसरा मार्ग यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा. या मानकात ९ व्होल्ट ही ठरलेली पायरी आहे, त्यामुळे योग्य ट्रिगर मॉड्यूल लावले की पॉवर बँक थेट ९ व्होल्ट देते. लोडशेडिंगच्या गावात किंवा रस्त्यावरच्या सादरीकरणाला हा मोठा आधार आहे. मात्र पिनेची दिशा उलटवावी लागते, आणि एका पॉवर बँकेतून अनेक पेडल्स चालवली तर ती पुन्हा साखळीच झाली.

२३० व्होल्टची बाजू

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. गिटार हातात असताना त्याचा हात मायक्रोफोनला लागला आणि तिथे अर्थिंग सदोष होते. गिटारवादकाचे दोन्ही हात तारांवर असतात आणि तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणून वीज चुकली तर तिचा रस्ता त्याच्या छातीतून जातो. घरी बनवलेल्या डब्यात २३० व्होल्ट आत आणणाऱ्याने हे विसरू नये.

तरीही ज्यांना ट्रान्सफॉर्मरचा डबा करायचाच आहे, त्यांनी पुढील गोष्टींत तडजोड करू नये. डबा धातूचा असावा आणि तीन पिनी वायरीतली हिरवी तार त्याला स्वतंत्र स्क्रूने घट्ट जोडावी. फेजच्या तारेत आधी फ्यूज आणि मग स्विच असावा. १० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला लाइनमधून जेमतेम ४३ मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे १०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज पुरतो. वायर आत येते तिथे रबरी ग्रोमेट आणि ओढ न बसणारी क्लिप हवी. उघडी टोके हीट श्रिंक स्लीव्हने झाकावीत. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये बल्ब ठेवावा. बल्ब लखलखला तर आत शॉर्ट आहे.

आवाज कमी व्हावा म्हणून अँपची अर्थ पिन तोडणे हा गुन्हा मानावा. दोन पिनी अडॅप्टरमधून सूक्ष्म गळती प्रवाह नेहमीच येत असतो. अँपला अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो, नसेल तर तारांना हात लावताच झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या म्हणजे पहिली सूचना असते. मंडपात, हॉलमध्ये किंवा जनरेटरवर वाजवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

मग करावे काय

सगळे मार्ग तोलल्यावर माझे मत स्पष्ट आहे. हौशी माणसाने ९ व्होल्टची बाजू स्वतः बनवावी आणि २३० व्होल्टची बाजू विकत घ्यावी. बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. त्याचे १२ व्होल्ट धातूच्या डब्यात आणून आत दोन वाटा करा. ॲनालॉग पेडल्ससाठी एक ७८०९ आणि प्रत्येक आउटलेटला ३३ ओहम-४७० मायक्रोफॅरडची जोडी. डिले, ट्यूनर अशा प्रत्येक डिजिटल पेडलसाठी स्वतंत्र आयसोलेटेड मॉड्यूल. ३०० मिलिअँपिअर खाणाऱ्या रिव्हर्बला त्याचा मूळ अडॅप्टरच राहू द्या. १२ मधून ९ काढताना रेग्युलेटरवर फक्त ३ व्होल्ट पडतात, त्यामुळे हीटसिंकचीही चिंता उरत नाही.

पेडल लावण्याआधी प्रत्येक आउटलेटला १०० ओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर जोडून तासभर चालवा. तो सुमारे ९० मिलिअँपिअर ओढेल. फक्त १ वॉटच्या मॉड्यूलवर लावताना आधीचा ८२० ओहमचा भारही मोजा, आणि ३३ ओहमच्या वाटेवर या चाचणीत व्होल्टेज उतरलेले दिसेल, तो दोष समजू नका. मल्टिमीटरने मधली पिन ऋण असल्याची खात्री करा, व्होल्टेज पाहा, डब्याला हात लावून उष्णता पाहा. मग सगळी पेडल्स जोडा, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, डिस्टॉर्शन चालू करा आणि ऐका. पांढरी पाचच्या जरा वरचा तो सूर ऐकू आला नाही, तर तुमचा डबा मंचावर न्यायला तयार आहे.